व्याख्यान नको, अडचण आणा

आमच्या गटाच्या बैठकीत प्रोजेक्टर असतो, पण बंद. सुरू करायचा तर आधी कारण सांगावं लागतं, आणि ‘माझ्या स्लाइड्स तयार आहेत’ हे कारण चालत नाही. नवीन येणाऱ्याला हे जरा चमत्कारिक वाटतं. सॉफ्टवेअरवाल्यांची बैठक म्हणजे एकानं पुढे उभं राहून स्लाइड्स सरकवायच्या आणि बाकीच्यांनी मागे बसून मोबाइल बघायचा, अशीच सवय सगळ्यांना झालेली असते. आमची सुरुवातही तशीच झाली होती. ती घडी आम्ही का मोडली आणि मोडल्यावर गटाचं काय झालं, ते सांगते.

गट साधाच आहे. अजाईल (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, सतत प्रतिसाद घेत बनवणं) आणि लीन (अर्धवट पडून राहणारं काम आणि वाया जाणारा वेळ कमी करणं) पद्धतीनं काम करणारे, करू बघणारे, किंवा ‘आपण आता अजाईल झालोय’ असं ज्यांना एका ईमेलनं कळलं आहे असे लोक महिन्यातून एकदा, ऑफिस सुटल्यावर, दोनेक तास भेटतात. डेव्हलपर, टेस्टर, स्क्रम मास्टर (स्क्रम या अजाईल पद्धतीत टीमची कामाची रीत सांभाळणारा), प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा), मधूनच एखादा मॅनेजर. सगळे वेगवेगळ्या कंपन्यांतले, काही तर एकाच क्लायंटच्या मागे लागलेल्या दोन कंपन्यांतले. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, कार्यकारिणी नाही. काही जुन्या सहकाऱ्यांना मी निरोप धाडला, त्यांनी पुढे आणखी काहींना सांगितलं, आणि त्यातल्या एकीच्या कंपनीनं संध्याकाळी रिकामी असणारी खोली दिली.

कंपनीच्या आत हे बोलता येत नाही का? येतं, पण मोकळेपणानं नाही. ‘आपली व्हेलॉसिटी वाढतेय, कारण आपण पॉइंट फुगवतोय’ (पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज, व्हेलॉसिटी म्हणजे ठरावीक काळात टीम संपवते ते पॉइंट) हे वाक्य पगारवाढ ठरवणाऱ्या माणसासमोर रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायच्या बैठकीत, कोण उच्चारेल? शिवाय टीममध्ये ‘टेस्ट आधी लिहूया’ (टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम) म्हणणारा बहुधा एकटाच असतो. रोज तेच ऐकून घेऊन तोही हळूहळू गप्प होतो. अशा माणसाला सल्लागार नको असतो. ‘आमच्याकडेही असंच झालं, मग आम्ही हे करून पाहिलं, त्यातलं निम्मं फसलं’ असं सांगणारं कुणीतरी हवं असतं.

तसं पाहिलं तर अजाईलचा जन्मच अशा बैठकीतून झाला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी सतरा जण जमले. कुणी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाला, कुणी स्क्रमवाला, कुणी क्रिस्टलवाला, कुणी डीएसडीएमवाला. ज्याची त्याची पद्धत वेगळी, आणि आपल्या पद्धतीवर ज्याची त्याची निष्ठाही तितकीच. तिथे निघालेल्या जाहीरनाम्यातली चार मूल्यं लोकांना पाठ असतात. मला मात्र त्यांच्या आधीचं पहिलं वाक्य जास्त कामाचं वाटतं. सॉफ्टवेअर बनवण्याच्या अधिक चांगल्या पद्धती आपण शोधत आहोत, आणि त्या शोधतोय ते स्वतः काम करून व इतरांना मदत करून, असा त्याचा आशय. स्वतः करणं आणि दुसऱ्याला हात देणं, एवढ्या दोन गोष्टी असल्या की गट चालवायला आणखी घटना लागत नाही.

सुरुवातीच्या बैठका व्याख्यानांच्या होत्या. वक्ता शोधायचा, विषय ठरवायचा, तारीख जुळवायची. माणसं बऱ्यापैकी यायची. व्याख्यान संपलं की ‘काही प्रश्न?’ असं विचारलं जायचं आणि दोन प्रश्न यायचे. त्यातला एक प्रश्न नसून विचारणाऱ्याचा परिचय असायचा. मग टाळ्या. आणि खरी गंमत त्यानंतर, लिफ्टची वाट बघताना. तिथे कुणीतरी हळूच म्हणायचं, “ते सगळं ठीक आहे हो, पण आमच्याकडे स्टँडअप, ती रोजची उभ्यानं झटपट उरकायची बैठक, पाऊण तास चालते, त्याचं काय करू?” की लगेच चार जण त्याच्याभोवती गोळा. लिफ्ट येऊन जायची, पुन्हा यायची, कुणी हलायचं नाही. असं वारंवार दिसल्यावर ठरवलं, की लिफ्टपाशी जे होतंय त्यालाच बैठक म्हणायचं आणि व्याख्यान सोडून द्यायचं.

त्यासाठी रीत शोधावी लागली नाही. लीन कॉफी नावाचा प्रकार २००९ साली सिएटलमध्ये जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी सुरू केला होता, तोच आम्ही उचलला. आधी विषयपत्रिका नसते. आल्यावर प्रत्येकानं आपल्याला नडणारी गोष्ट एका चिकटचिठ्ठीवर लिहायची, एकदोन वाक्यांत सांगायची. प्रत्येकाला दोन मतं, ती एकाच चिठ्ठीला दिली तरी चालतात. जास्त मतांची चिठ्ठी आधी. भिंतीवर तीन रकाने: बोलायचंय, बोलतोय, बोलून झालं. मधल्या रकान्यात एका वेळी एकच चिठ्ठी. आठ मिनिटांचा गजर लावायचा. वाजला की सगळ्यांनी अंगठा दाखवायचा, वर म्हणजे चालू राहू दे, खाली म्हणजे पुरे. वरचे जास्त असले तर आणखी चार मिनिटं.

वाचायला हे पोरखेळासारखं वाटेल. पण या अंगठ्यांनी आमच्याकडे जे केलं ते कुठल्याही सूत्रसंचालकाला जमलं नसतं. लांबण लावणारा माणूस प्रत्येक गटात असतो, आमच्याकडे तर दोन-तीन आहेत, आणि त्यातला एक हुद्द्यानं बराच मोठा आहे. त्याला ‘आता थांबा’ म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. गजर वाजला, अर्ध्याहून जास्त अंगठे खाली गेले, आणि तो स्वतःच हसून म्हणाला, “बरं, पुढची घ्या.” कुणी कुणाला गप्प बसवलं नाही, तरी गप्प बसणं झालं. त्यानंतर तो आला नाही असंही नाही. हल्ली तो सगळ्यात नेमक्या चिठ्ठ्या लिहितो.

चिठ्ठ्यांवर काय येतं, तर पुस्तकात ज्याला स्वतंत्र प्रकरण नसतं ते. दोन टीमच्या स्टोरी पॉइंटची तुलना करून एकीला नापास ठरवणारा डायरेक्टर. स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्याच्या, शेवटच्या दिवशी ‘नव्वद टक्के झालंय’ म्हणणारी दहा कामं. ‘डन’ म्हणजे नक्की काय, यावर डेव्हलपर आणि टेस्टर यांच्यात चाललेलं शीतयुद्ध. कॅमेरे बंद ठेवून होणारी रेट्रो. प्रॉडक्ट ओनर नावाला एक आणि खरे निर्णय घेणारा दुसराच.

एक चिठ्ठी मला सगळ्यात जास्त आठवते. एका टेस्टरनं लिहिलं होतं, ‘माझा रकाना कायम तुंबलेला असतो.’ तिच्या टीमच्या कामांच्या बोर्डवर (प्रत्येक टप्प्याला एक रकाना) डेव्हलपमेंटचा रकाना भराभर रिकामा होई आणि सगळं येऊन टेस्टिंगमध्ये साचे. टीमचं निदान सरळ होतं: टेस्टर कमी आहेत. मॅनेजरचं त्याहून सरळ: ही हळू काम करते. आमच्यातल्या एकानं तिला दोनच आकडे विचारले. आत्ता हातात घेतलेली, पण पूर्ण न झालेली कामं एकूण किती? साधारण चोवीस. आठवड्याला खरोखर संपून बाहेर पडतात किती? चार. “मग एक काम सरासरी सहा आठवडे आत राहणार. तू कितीही धावलीस तरी.”

हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणितानं सिद्ध केला. रांगेतल्या माणसांची सरासरी संख्या ही माणसं येण्याचा सरासरी वेग आणि प्रत्येकानं आत घालवलेला सरासरी वेळ यांच्या गुणाकाराएवढी असते. हाच नियम उलटा धरला तर वेग तोच ठेवून आतली कामं निम्मी केली, की वेळही निम्मा होतो. गटातल्या एका जुन्या माणसानं लगेच हरकत घेतली, की हे तेव्हाच खरं जेव्हा येणारं आणि जाणारं काम सरासरीत सारखं असतं. तुमच्याकडे तर नुसतं येतंच आहे. हरकत बरोबर होती, आणि तिच्यामुळेच मुद्दा पुढे सरकला. म्हणजे पहिला प्रश्न टेस्टर किती हा नसून, इतकं काम आत का घेतलं जातंय हा.

पुढच्या बैठकीला आम्ही तिच्यासाठी नाण्यांचा खेळ मांडला. लीनवाल्यांचा हा जुना खेळ आहे. वीस नाणी, ओळीनं बसलेले चार जण. पहिल्यानं सगळी नाणी उलटी करून दुसऱ्याकडे द्यायची, दुसऱ्यानं उलटी करून तिसऱ्याकडे, असं करत शेवटी गिऱ्हाइकाकडे. प्रत्येकाच्या मागे घड्याळ घेऊन एक मॅनेजर उभा. पहिल्या फेरीत वीसच्या वीस एकदम पुढे. दुसऱ्या फेरीत पाच-पाच. तिसऱ्या फेरीत एकेक. एका नाण्याला एक सेकंद धरला, तर पहिल्या फेरीत गिऱ्हाइकाच्या हातात पहिलं नाणं पडायला ऐंशी सेकंद लागतात, आणि अर्थात शेवटचंही तेव्हाच. पाचाच्या गठ्ठ्यांत पहिले पाच वीस सेकंदांत पोचतात आणि सगळं पस्तिसाव्या सेकंदाला संपतं. एकेक दिलं तर पहिलं नाणं चौथ्या सेकंदाला, शेवटचं तेविसाव्या.

आकड्यांपेक्षा मजा मॅनेजरांचे चेहरे बघण्यात आहे. प्रत्यक्ष खेळात नाणी निसटतात, मागून यायला उशीर होतो, एकेक करताना मधे थांबावं लागतं. त्यामुळे तिसऱ्या फेरीत प्रत्येकाच्या मागचा मॅनेजर तक्रार करतो की माझा माणूस मंदावला, त्याचा वेळ वाढला. त्याच वेळी गिऱ्हाइकाजवळचं घड्याळ सांगत असतं की काम कितीतरी लवकर पोचलं. एकेका माणसाची घाई मोजून पूर्ण कामाचा वेग कळत नाही, हे मी कित्येकदा बोलून दाखवलं होतं. मान डोलावण्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं. नाणी हातात आल्यावर पाच मिनिटांत कळलं.

त्या टेस्टरनं खेळाची नाणी पिशवीत घालून ऑफिसला नेली आणि आपल्या टीमला खेळायला लावलं. मग टेस्टिंगच्या रकान्याला मर्यादा घातली: इतकी कामं झाली की नवीन आत नाही. रकाना भरला की डेव्हलपरनं नवं काम न उचलता टेस्टिंगला बसायचं. एक सीनियर डेव्हलपर यावर बराच तडकला, ‘मला याचा पगार मिळत नाही’ वगैरे झालं. पण बसल्यावर त्यानंच चिडून टेस्ट डेटा तयार करणारी स्क्रिप्ट लिहिली, कारण तो हातानं तयार करण्यात दिवस जातो हे त्याला पहिल्यांदा दिसलं. काही महिन्यांनी ती आली ती नवी चिठ्ठी घेऊन: आता टेस्टिंग वाहतं आहे, पण सगळं क्लायंटच्या मंजुरीपाशी तुंबलंय. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घोडं पुढच्या मुक्कामावर अडलं, एवढंच. तिच्या त्या दुसऱ्या चिठ्ठीलाही भरपूर मतं पडली.

गटात एक फट पहिल्यापासून आहे, आणि ती बुजली असा दावा मी करणार नाही. एका बाजूला प्रक्रियेची माणसं: स्क्रम मास्टर, कोच, प्रॉडक्ट ओनर. दुसऱ्या बाजूला कोड लिहिणारी. पहिल्यांना बोर्ड, बैठका, संवाद यांवर बोलायचं असतं. दुसऱ्यांना टेस्ट, रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारणं), रिलीजचं ऑटोमेशन यांवर. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. छोट्या टप्प्यांत माल द्यायचा, तर जोडीनं काम, आधी टेस्ट आणि सतत इंटिग्रेशन (सगळ्यांचा कोड वारंवार एकत्र जोडणं) हे लागणारच, नाहीतर दर दोन आठवड्यांनी नुसती पडझड. पुढे उद्योगानं त्यातलं सोपं तेवढं उचललं. बैठका उचलल्या, कारण बैठक बोलावता येते. टेस्ट लिहायला शिकावं लागतं. हे माझं मत आहे, आणि गटातले सगळे कोच यावर माझ्याशी भांडतात.

म्हणून एक संकेत ठेवला: एक बैठक चिठ्ठ्यांची झाली, की पुढची हातानं, म्हणजे प्रत्यक्ष कोड लिहून, करायची. वर्षातून एकदा पूर्ण दिवसाचं कोड रिट्रीट. हा प्रकार २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला ‘गेम ऑफ लाइफ’ प्रोग्रॅम म्हणून लिहायचा. चौकटींच्या जाळीतली प्रत्येक चौकट म्हणजे एक पेशी, जिवंत किंवा मेलेली. नियम मोजके: जिवंत पेशीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ती जगते, नाहीतर मरते; मेलेल्या पेशीला बरोब्बर तीन जिवंत शेजारी असले तर ती जिवंत होते. जोडीनं पंचेचाळीस मिनिटं लिहायचं, मग सगळा कोड डिलीट करायचा, जोडीदार बदलायचा, पुन्हा तोच प्रश्न पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला नवी अट: माउसला हात लावायचा नाही, लूप वापरायचे नाहीत, किंवा जोडीदाराशी एक शब्दही बोलायचा नाही.

डिलीट करायची वेळ आली की मोठी माणसंही रडकुंडीला येतात. ‘फक्त दोन मिनिटं, होतंच आलंय’ असा धोशा चारी बाजूंनी सुरू होतो. पण प्रोग्रॅम पूर्ण करायचा नाहीच म्हटल्यावर नीट लिहिण्याकडे लक्ष जातं, हीच त्यातली मेख. मुकी फेरी मला सगळ्यात आवडते. मनातलं सांगायला टेस्टशिवाय दुसरं साधनच नसतं. मी एक नापास होणारी टेस्ट लिहायची, तू ती पास करायची, मग पुढची तू लिहायची. टेस्टचं नाव भोंगळ असेल तर जोडीदार भलतीकडेच जातो आणि त्याला ओरडताही येत नाही.

कोड न लिहिणाऱ्यांनी या दिवशी काय करायचं, हा वाद झाला. शेवटी ठरलं की त्यांनीही जोडीत बसायचं. कीबोर्ड दुसऱ्याकडे, पुढे काय करायचं ते यांनी सांगायचं. बरेच स्क्रम मास्टर त्या दिवशी ‘घरी काम आहे’ म्हणून आले नाहीत. जे आले त्यातल्या एकीनं संध्याकाळी सांगितलं, की मी डेव्हलपरना ‘दोन ओळींचा तर बदल आहे’ म्हणायचे, ते आता म्हणणार नाही. ती हल्ली हाताच्या बैठका चुकवत नाही. बाकीचे अजूनही चुकवतात.

आता जरा रूक्ष भाग. वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं मोकळं बोलायची तर बाहेर काय जाणार, हे स्वच्छ हवं. प्रत्येकानं नोकरीला लागताना गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा एक नियम आहे: बैठकीत ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं आणि तो कुठला, हे उघड करू नका. तो आम्ही पहिल्या पाच मिनिटांत दर वेळी म्हणून दाखवतो, जुन्यांना कंटाळा आला तरी. त्यात आमची भर अशी, की क्लायंटचं नाव घ्यायचं नाही आणि कामाचा खरा कोड स्क्रीनवर आणायचा नाही. फोटो फक्त भिंतीचे, माणसांचे नाहीत. रेकॉर्डिंगची मागणी अधूनमधून येते. मी ठाम विरोधात आहे. कॅमेरा लागला की माणूस ‘आम्ही शिकलो’ असं बोलू लागतो आणि ‘आमचं चाललं नाही’ हे म्हणायचं थांबतो.

विकणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न गटाला जरा नाव झालं की येतोच. टूल विकणारे, प्रमाणपत्र विकणारे, माणसं पळवायला आलेले. एका कंपनीनं खोली, वह्या, सगळं देऊ केलं आणि बदल्यात मागितली फक्त वीस मिनिटं. आम्ही नाही म्हणालो. वाईट वाटलं, कारण तेव्हा खोलीची खरंच चणचण होती. त्यापेक्षा ठरवलं ते असं: ज्याला काही विकायचं असेल त्यानं शेवटी उभं राहून एक मिनिट बोलावं, रिक्रूटरनंही, आणि मग ज्याला रस असेल तो त्याला गाठेल. प्रमाणपत्रांबद्दल माझा राग नाही. दोन दिवसांच्या वर्गात बसून निदान शब्द तरी सगळ्यांचे सारखे होतात. फक्त वर्ग घेणाऱ्यानं गटात येऊन दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ‘याचं उत्तर माझ्या कोर्समध्ये आहे’ म्हणू नये. असं एकदा झालं. त्या दिवशी इतके अंगठे खाली गेले की गजर वाजायची वाट बघावी लागली नाही.

हजेरीनं पहिली काही वर्षं मला छळलं. नावं नोंदवणाऱ्यांपैकी निम्मे आले तर नशीब समजायचं. रिलीजचा आठवडा असला की आणखी गळती. हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये ओपन स्पेस नावाची, आलेल्यांनीच विषय ठरवायची परिषदेची रीत रुजवली, तिचं एक तत्त्व आहे की जे आले तेच योग्य लोक. याचा आधार मोठा. बारा जणांच्या बैठकीपेक्षा पाच जणांची बैठक कितीतरी खोल जाते. पाचांत लपायला जागा नसते, आणि कुणाची चिठ्ठी वाया जात नाही. त्याच रीतीतलं दुसरं तत्त्व, जेव्हा सुरू होईल तीच योग्य वेळ, हे मात्र आम्ही सभ्यपणे बाजूला ठेवलं. वेळेवर सुरू करतो. लोकांना घरी जायचं असतं.

वर्षातून एकदा आम्ही पूर्ण ओपन स्पेस भरवतो. त्यातला दोन पायांचा नियम सांगतो: इथे तुम्ही काही शिकत नसाल आणि काही देतही नसाल, तर उठा आणि दुसऱ्या चर्चेत जा. सगळे हसून माना डोलावतात आणि मग तासभर कंटाळत तिथेच बसतात. उठून जाणं उद्धटपणाचं वाटतं. यावर सापडलेला उपाय एकच: जुन्या सभासदांनी पहिल्या अर्ध्या तासात मुद्दाम उठायचं, सगळ्यांसमोर, आणि शेजारच्या चर्चेत जाऊन बसायचं. एकदा दोघं-तिघं उठले की बाकीच्यांचे पाय मोकळे होतात.

गट चालवणाऱ्याचं काम दिसत नाही आणि संपतही नाही. खोली, निरोप, चिठ्ठ्या, मार्कर, वॉचमनला नावांची यादी, उशिरा येणाऱ्याला खाली जाऊन वर आणणं. बराच काळ हे सगळं माझ्याकडे होतं आणि मी नसले की बैठक होत नसे. लीनवर बोलणाऱ्या गटाचा सगळा भार एका माणसावर, हे गटातल्याच एका खवचट माणसानं चिठ्ठीवर लिहून लावलं, आणि त्या चिठ्ठीला सर्वाधिक मतं पडली. तेव्हापासून गटाचाही बोर्ड आहे. पुढच्या बैठकीचं कार्ड त्यावर लागतं. कुणीतरी ते ओढून घेतलं तरच बैठक होते. कुणीच घेतलं नाही तर त्या महिन्यात नाही. ढकलायचं नाही, ओढायचं, हे तत्त्व आपण टीमला शिकवतो, मग ते आपल्यालाही लागू.

पहिल्यांदा कार्ड तसंच राहिलं तेव्हा माझा हात शिवशिवत होता. मी घेतलं नाही. महिना कोरडा गेला. तीन-चार जणांनी ‘या वेळी काही नाही का?’ असं विचारलं, त्यांना बोर्डकडे बोट दाखवलं. पुढच्या महिन्याचं कार्ड ज्यानं उचललं तो अगदी नवा होता, कॉलेज संपवून नुकताच लागलेला. त्यानं गजर लावायला विसरून एकाच चिठ्ठीवर पाऊण तास घालवला आणि बैठक उत्तम झाली. आता नवा सूत्रधार पहिल्यांदा कुणा जुन्याबरोबर जोडीनं चालवतो, मग एकट्यानं.

कोविडमध्ये सगळं पडद्यावर गेलं. डिजिटल बोर्ड, डिजिटल चिठ्ठ्या. दूरवरून लोक येऊ लागले, हजेरी वाढली आणि बोलणं सपाट झालं. घरात मागे कोण ऐकतंय हे माहीत नसताना कुणी आपल्या मॅनेजरबद्दल बोलत नाही. परत खोलीत आल्यावर पडद्यावरची बैठक आम्ही पूर्ण बंद केली नाही. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एकीसाठी आणि दुसऱ्या शहरात गेलेल्या काहींसाठी ती वेगळी होते. एकाच वेळी निम्मे खोलीत आणि निम्मे पडद्यावर हा प्रकार मात्र करत नाही. पडद्यावरचे त्यात कायम प्रेक्षक होतात.

गटाची स्वतःची रेट्रो सहा महिन्यांनी होते. नॉर्म कर्थ यांनी रेट्रोसाठी सांगितलेलं सूत्र सुरुवातीला वाचतो: त्या वेळी माहीत असलेलं, जमणारं आणि हाताशी असलेलं पाहता प्रत्येकानं शक्य तेवढं चांगलंच काम केलं, असं धरून चालायचं. मागच्या रेट्रोत वाद रंगला तो गट दोन करायचा का यावर, कोडचा वेगळा आणि लीनचा वेगळा. निम्म्यांना हवं आहे. मी विरोधात मत दिलं, पण कोडवाल्यांचं म्हणणं चुकीचं नाही, त्यांना दोन महिन्यांतून एकदा भेटणं पुरत नाही. निर्णय पुढे ढकललाय.

सध्या भिंतीवर सगळ्यात जास्त मतं घेणारी चिठ्ठी एआयची आहे, पण लोकांना वाटतं तशी नाही. ‘नोकऱ्या जातील का’ या चिठ्ठीला दोन महिन्यांपूर्वीच खाली अंगठे मिळाले. अडचण अशी, की कोड लिहून देणाऱ्या साधनांमुळे डेव्हलपमेंटचा रकाना दिवसात रिकामा होतोय आणि रिव्ह्यूचा, म्हणजे दुसऱ्यानं कोड वाचून तपासण्याचा, रकाना तुंबतोय. एकेका रिव्ह्यूला हजार-हजार ओळी येतात. वाचणारा माणूस तोच, त्याचे डोळे तेच. आमची टेस्टर हे ऐकून मोठ्यानं हसली आणि तिनं नाणी बाहेर काढली. दोघांनी आपापल्या टीममध्ये करून बघायचं ठरवलंय. एकाच्या टीमनं रिव्ह्यूला थांबलेल्या कामांवर मर्यादा घातली आहे. दुसरीच्या टीमनं मर्यादा घातलेली नाही. त्यांनी एका रिव्ह्यूत किती ओळी येऊ द्यायच्या तेवढंच ठरवलंय. कुणाचं चालतंय यावर खोलीत दोन तट पडलेत. पुढच्या बैठकीचं कार्ड त्या दोघांनीच उचललंय आणि येताना रिव्ह्यूच्या तारखा घेऊन येणार आहेत. आलेख दाखवायला प्रोजेक्टर लागेल, असा अर्जही आलाय. या वेळी बहुतेक मंजूर होईल.